विषय क्रमांक चौदा

अकोला
रविवार, १५ मार्च २०२६

सौ. बेबीताई यांस,

रविकांत पांढरीपांडे याचा नमस्कार. नत्थुजींनाही माझा नमस्कार सांगावा. प्रणाली आणि तिच्या घरची मंडळी खुशाल असतील अशी आशा आहे.

धामणगावचा पत्ता केशरबाईंनी दिला. इतक्या वर्षांत माझं पत्र नाही, फोन नाही, आणि आज एवढं जाड पाकीट आलं म्हणून घाबरू नका. आमच्याकडे सगळे धड आहेत. विमलला जिना चढताना दम लागतो, पण घरातलं सगळं करते. केयूरनं पुणे सोडून इथेच नोकरी धरली, सूनबाई निधी शाळेत शिकवते. ऊन आतापासूनच चटके देऊन राहिलं आहे. काल कूलर खाली काढला आणि त्याच्या ताट्या बदलल्या. तुम्ही शिवलेले ब्लाउज विमल अजून वापरते. इथल्या शिंप्याला बाही जमत नाही, असं तिचं म्हणणं आहे.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. चष्मा लावून आधी तुम्ही एकट्याच वाचा. नंतर हवं त्याला वाचायला द्या.

फोन का केला नाही, असं तुम्हाला वाटेल. तीनदा लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. तुम्ही "काय म्हन्ता भाऊ, वयनी कशा हायेत?" असं विचाराल, मी तब्येतीचं नि उन्हाचं बोलेन आणि ठेवून देईन, हे मला माहीत आहे.

मागच्या महिन्यात मी आपल्या गावी जाऊन आलो. चार वर्षं नगरपरिषदेवर प्रशासक होता, त्यामुळे सभाच होत नव्हत्या. डिसेंबरात निवडणूक झाली, नवे सदस्य आले, आणि वीस फेब्रुवारीला सर्वसाधारण सभा लागली. विमलला म्हटलं, घराचं कुलूप पाहून येतो. मूर्तिजापूरला उतरलो आणि काळीपिवळी जीपनं गावात गेलो. घराकडे गेलोच नाही. सरळ सभागृहात गेलो.

भिंतींना नवा रंग आहे. खिडकीखालचा आपला बाक तिथेच आहे. त्यावर फायलींचे गठ्ठे ठेवले होते. ते थोडे सरकवून मी बसलो. चपराशी नवा आहे. "काका, काही काम होतं का? सायेब चार वाजता भेटतीन," म्हणाला. सभा ऐकायला आलो म्हटल्यावर तो माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागला, जणू मी न बोलावता पंगतीला बसलो आहे. अठ्ठावीस विषय होते. चाळीस मिनिटांत संपले. अध्यक्षांनी आकडा म्हणायचा आणि बाकीच्यांनी मंजूर, मंजूर करायचं. एक सदस्य हजेरीची सही करून पाचव्या विषयाला उठून गेला, त्याला कुणी अडवलं नाही. बाकावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

बाहेर आलो तर फाटकाशी केशरबाई भेटल्या. हातात भाजीची पिशवी. मी म्हटलं, "इतक्या जवळून जाता आणि सभेला आला नाहीत?"

त्या म्हणाल्या, "काहाले येवाव जी? बेबीताईसारख्या बाईचे कान खोटे निघाले. आमचे कोन खरे धरन?"

त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसलो आहे. पण चौतीस वर्षं मी न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षीदार काय सांगतो ते पहिल्यापासून क्रमानं उतरवायची सवय आहे, त्याशिवाय मला लिहिता येत नाही. तेव्हा तुम्हाला माहीत असलेलंही पुन्हा लिहितो. कंटाळा करू नका.

सुरुवात तुम्ही केली होती. २०१८ साल असेल. विमलच्या ब्लाउजचं माप घ्यायला तुम्ही आमच्याकडे आला होता. माझी निवृत्ती नुकतीच झालेली, दिवस जाता जात नव्हता. टेप गळ्यात तसाच ठेवून तुम्ही विचारलं, "भाऊ, नगरपरिषदेची सभा कोनी बी पाहू शकते का?" मला माहीत नव्हतं. मी कायद्याचं पुस्तक काढून पाहिलं. पाहू शकतो, बोलू मात्र शकत नाही. तुम्ही म्हणालात, "बोलाचं काय काम हाये? नुसतं समोर बसलं तरी मानूस नीट वागते."

पहिल्या दिवशी तुम्ही, केशरबाई आणि रुक्मिणी नगरातल्या आणखी दोघी आल्या होत्या. चपराशानं दारातच अडवलं. "बायांचं काय काम हाये इथं?" तुम्ही म्हणालात, "आमी मत देल्लं. आता ते काय करून राह्यले, ते पाहाले आलो." मी पुस्तकातलं पान दाखवलं आणि आपल्याला तो बाक मिळाला.

त्या दिवसापासून मी वही घेऊन बसायला लागलो. बोटांना सवय होती, आणि खरं सांगायचं तर मला पुन्हा कामाचा माणूस झाल्यासारखं वाटत होतं. कोण काय बोललं ते शब्दन् शब्द मी लघुलिपीत उतरवत असे. सभा सुटल्यावर आपण बाहेर रसवंतीवर बसत असू, मी वाचून दाखवायचो आणि तुम्ही सगळ्या कधी चिडायच्या, कधी हसायच्या. सही करून पळणाऱ्या सदस्याला केशरबाईंनी दारातच "भाऊ, अजून नऊ विषय हायेत" म्हटलं होतं आणि तो परत येऊन बसला होता, ते आठवतं का? पहिल्या वर्षात आपल्या ओळीचे दिवे लागले, नाली उपसली गेली. सदस्य आपल्या बाकाकडे पाहून बोलायला लागले. सभागृहात वही आहे, हे सगळ्यांना कळलं होतं.

ती वही माझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हती, याचा विचार तेव्हा आपल्यापैकी कुणी केला नाही.

आता विषय क्रमांक चौदा. तारीख २५ फेब्रुवारी २०२०, मंगळवार. रुक्मिणी नगर ले-आऊटची ओपन स्पेस एका संस्थेला सांस्कृतिक सभागृहासाठी तीस वर्षांच्या करारानं द्यायची, असा विषय होता. संस्था नगराध्यक्ष कुलदीपभाऊंच्या मामांची होती. ती जागा म्हणजे सगळ्या ले-आऊटचं पावसाचं पाणी नाल्याकडे जायची वाट, हे तुम्ही त्याआधी दोन अर्जांत लिहून दिलं होतं. जागा बंद झाली की खालच्या ओळीत पाणी शिरणार, आणि तुमचं घर खालच्या ओळीतलं. त्या दिवशी तुम्ही वीस बाया घेऊन आला होता. बाकावर मावल्या नाहीत, भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

एवढ्या बाया पाहून कुलदीपभाऊंनी विषय पुढे ढकलला. काय शब्द वापरले ते तुम्हीही ऐकलेत, मीही ऐकले. बाहेर आल्यावर तुम्ही सगळ्यांना आमच्याकडे चहाला आणलं. विमलनं दोनदा आधण ठेवलं. तुम्ही म्हणत होता, "आज पहिल्यांदा वाटलं बावा, का गाव आपलं हाये."

पुढे महिन्याभरात टाळेबंदी लागली. इतिवृत्ताची नक्कल माहितीच्या अधिकारात हातात पडली तेव्हा दिवाळी आली होती. त्यात लिहिलं होतं: विषय क्रमांक चौदा, सर्वानुमते मंजूर. तुम्ही तो कागद माझ्यापुढे धरला. "भाऊ, मले नीट वाचता येत नाई का, का यायले लिहिता येत नाई?" मी म्हटलं, "काळजी करू नका, आपल्याकडे वही आहे." हे मी म्हटलं होतं, बेबीताई. या शब्दांत. त्याच भरवशावर तुम्ही जिल्ह्याच्या कचेरीत तक्रार केली.

मग मार्च २०२१. विमलला ताप आला आणि चौथ्या दिवशी ऑक्सिजन ब्याऐंशीवर गेला. केयूर पुण्यात अडकलेला. सकाळपासून मी अकोल्याला, अमरावतीला फोन लावत होतो, कुठेच खाट नव्हती. शेजारचे खिडकीतून विचारत होते. तुम्ही मात्र तोंडाला पदर बांधून आमच्या फाटकाच्या आत आलात. म्हणालात, "कुलदीपभाऊले फोन करा."

मी म्हटलं, "त्यांच्याविरुद्ध आपली तक्रार आहे. कोणत्या तोंडानं करू?"

"भांडन सभेतलं हाये. जिवाशी काय भांडन? तुमी नाई करत तं मी करतो. नंबर द्या."

मी केला. अर्ध्या तासात कुलदीपभाऊ स्वतःची गाडी घेऊन दारात आले. विमलला त्यांनी मागच्या सीटवर स्वतः धरून बसवलं. अकोल्याच्या दवाखान्यात खाट मिळेपर्यंत ते दारात उभे होते. अठरा दिवसांनी विमल घरी आली. ते नसते तर ती आली नसती, हे मी आजही म्हणेन. हा माणूस पाषाणहृदयी नव्हता. तसा असता तर मला सोपं गेलं असतं.

सुनावणी १४ सप्टेंबर २०२१ ला लागली. बाकीच्या सदस्यांनी आपल्याला काही आठवत नाही असं आधीच लिहून दिलं होतं. तुम्ही आणि केशरबाई तक्रारदार, म्हणजे तुमच्या शब्दाला वजन नाही. राहिली माझी वही. आपण एसटीनं गेलो. तुम्ही डब्यात पोळ्या आणि ठेचा घेतला होता, वाटेत मला आग्रह करून वाढलात.

कचेरीच्या व्हरांड्यात कुलदीपभाऊ भेटले. मला वाटलं होतं काही बोलतील, धमकावतील, विनवतील. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "काका, काकू कशा आहेत? ऑक्सिजनचं मशीन आता लागत नाही ना रात्री?" मी म्हटलं, नाही लागत. ते म्हणाले, "बरं झालं." आणि बाजूला झाले. बस, एवढंच.

आत सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी वही उघडायला लावली. मी पंचवीस फेब्रुवारीचं पान काढलं. विषय चौदावर सहा ओळी होत्या. मी चार वाचल्या. कुलदीपभाऊंचं म्हणणं पाचव्या ओळीत होतं. माझ्या डोळ्यांपुढे दवाखान्याचं दार आलं आणि मी पान उलटलं. ती ओळ वाचायची राहिली.

बेबीताई, ती ओळ अशी आहे. सरळ अक्षरात लिहून देतो:

"विषय क्रमांक चौदा आज स्थगित. रुक्मिणी नगरच्या लोकांची बैठक घेऊ, त्यांचं ऐकू, त्यानंतरच ठरवू."

तुम्ही जे ऐकलं होतं ते हेच. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. तुमचे कान खरे होते.

तक्रार निकालात निघाली. निरर्थक तक्रार असा शेरा पडला. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होता. मूर्तिजापूर जवळ आल्यावर म्हणालात, "तुमी लिहिलं ते खरंच असन, भाऊ. मीच हौसेच्या भरात ऐकलं असन." मी बाहेर पाहत राहिलो. कपाशीला बोंडं धरली होती.

आठवड्यानंतर तुम्ही अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलात. हे मला आजही सहन होत नाही. तुम्ही त्यांची चिठ्ठी मला दाखवायला आणली. "डॉक्टर म्हन्ते, कान चांगले हायेत. मंग मले त्या दिशी काय ऐकू आलं व्हतं?" विमलनं तुमच्यासाठी पाणी आणलं. मी चिठ्ठी वाचली, घडी घातली, तुम्हाला परत दिली. म्हटलं, "वय झालं की होतं असं कधी कधी."

ऑक्टोबरच्या सभेत तुम्ही उभ्या राहिलात. नागरिकांना बोलता येत नाही, पण त्या दिवशी तुम्हाला बोलू दिलं. पदर सावरून तुम्ही म्हणालात, "माह्या कानानं मले धोका देल्ला. अध्यक्षसायेब, माफ करा." कुलदीपभाऊ खुर्चीतून उठून "अहो ताई, राहू द्या" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मान खाली घालून लिहीत होतो. तुमचं ते वाक्य माझ्या वहीत तारखेसकट आहे.

त्यानंतर तुम्ही सभेला आला नाहीत. तुम्ही नाही म्हणून बाकीच्या आल्या नाहीत.

चार महिन्यांत आम्ही अकोल्याला आलो. विमलचे डॉक्टर इथे आहेत, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे बाजारात जायला तुमच्या दारावरून जावं लागे, आणि तुम्ही मशीनवरून मान वर करून हाक मारत होता.

सभागृह उभं राहिलं. २०२३ च्या जुलैत केयूरनं मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. तुमच्या पुढच्या खोलीत गुडघाभर पाणी आणि त्यात शिलाई मशीन. "बाबा, हे बेबीमावशीचं घर ना?" मी हो म्हटलं. फोन केला नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाणी शिरलं, भिंत खचली, आणि तुम्ही दोघं लेकीकडे गेलात, हे केशरबाईंनी त्या दिवशी फाटकाशी सांगितलं. तीस वर्षं राहिलेलं घर सोडून जावयाच्या दारी राहायला नत्थुजींना काय वाटत असेल, याचा विचार करतो आणि मग तो करणं बंद करतो.

एवढं लिहायचं होतं. उपकाराच्या ओझ्यानं मी एक ओळ गाळली आणि त्याचं हे झालं. पत्र विमलला वाचायला देतो आणि उद्या टपालात टाकतो.

शनिवार, २१ मार्च

पत्र टाकलं नाही. परवा पाडवा होऊन गेला.

रविवारी विमलनं सगळं पत्र वाचलं. त्या गाळलेल्या ओळीचं तिला काही ठाऊक नव्हतं. साडेचार वर्षं तीही समजत होती की तुम्हालाच चुकीचं ऐकू आलं. तुमच्या वतीनं तिला वाईटही वाटायचं. वाचून झाल्यावर तिनं कागद मांडीवर नीट जुळवले आणि विचारलं, "एवढी तक्रार 'स्थगित' या एका शब्दावर होती. तो शब्द वहीत आहे का, असं त्या साहेबांनी तुम्हाला विचारलंच नाही?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"विचारलं ना?"

हो, विचारलं होतं. बेबीताई, वर मी लिहिलं आहे की ती ओळ वाचायची राहिली. ते खरं नाही. ते खोडून टाकत नाही, तसंच राहू दे. मी तुम्हाला कबुली देतानासुद्धा काय करत होतो, ते तुम्हाला दिसू दे.

झालं ते असं. मी चार ओळी वाचून पान उलटलं. साहेब म्हणाले, "थांबा. तक्रारदारांचं म्हणणं आहे की अध्यक्षांनी विषय स्थगित केला. तुमच्या वहीत 'स्थगित' हा शब्द आहे का?" मी पान मागे घेतलं. पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. शब्द माझ्या बोटाखाली होता. मी पाहिला, वाचला, आणि म्हटलं, "नाही. असा शब्द माझ्या वहीत नाही." साहेबांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." वही त्यांच्यापुढे केली. त्यांना त्या रेघोट्यांतलं काय कळणार होतं? तुम्ही माझ्या डाव्या हाताला उभ्या होता. तुमचा हात तुमच्या कानाशी गेला, तो मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला.

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी साक्षीदाराच्या तोंडचा एक शब्द बदलला नाही. वकील मंडळी माझ्या टिपणाची शपथ घेत. मी घेतलेलं असलं की न्यायाधीश पुन्हा विचारत नसत. तीच पत मी त्या खोलीत खर्ची घातली. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी विश्वास ठेवण्यासारखा माणूस होतो.

विमलला हे सांगितलं. मी म्हटलं, "तुझ्यासाठी..." तर तिनं मला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाली, "माझ्या जिवाचा आडोसा घेऊ नका. मी त्यांना काही कबूल केलं नव्हतं. आणि कुलदीपला फोन करायला सांगितलं कोणी? बेबीताईनं. फाटकाच्या आत कोण आलं होतं? उपकारच फेडायचे होते तर तिचे आधी होते."

बेबीताई, पाच वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. विमलला वाचवणारा म्हणून मला गाडी घेऊन आलेला माणूसच दिसत होता. फाटकाच्या आत तोंडाला पदर बांधून उभी राहिलेली बाई मी हिशेबातच धरली नव्हती. का धरली नसेल? तुम्ही आमच्याकडे माप घ्यायला येत होता, मागच्या दारानं. तुमचं येणं मला नेहमीचं वाटलं आणि नगराध्यक्षाचं येणं मोठं वाटलं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण लिहायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून विमल माझ्याशी कामापुरतं बोलते. पाडव्याला गुढी तिनंच उभारली, मला श्रीखंड वाढलं, पण समोर बसली नाही.

बुधवारी मी इथल्या एका वकिलांकडे गेलो. माझ्या हाताखाली टंकलेखन शिकलेला मुलगा, आता त्याचेही केस पांढरे झाले आहेत. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, मुदत कधीच संपली. बांधलेलं सभागृह कुणी पाडत नसतं. काही झालंच तर तुमच्यावरच खोट्या जबाबाची कारवाई होईल. या वयात कशाला उकरता?" मी म्हटलं, कागद तयार कर. त्यानं प्रतिज्ञापत्र तयार केलं. त्यात ती पाचवी ओळ आहे, साहेबांचा प्रश्न आहे आणि माझं उत्तरही आहे. काल मी स्वतः कचेरीत जाऊन ते दिलं, त्याला वहीच्या पानाची नक्कल जोडली. आवक शिक्क्याची प्रत या पत्रासोबत आहे. तुम्हाला वकील लावायचा असेल तर ती कामी येईल. माझ्याविरुद्ध वापरायची असेल तर जरूर वापरा, मी नाकबूल जाणार नाही. मूळ वही विमलकडे दिली आहे.

तुमचं घर परत येणार नाही. तुमच्या नावापुढचा तो शेरा कदाचित निघेल, कदाचित निघणारही नाही. सरकारी कागद किती सावकाश हलतो, ते माझ्याइतकं कुणाला माहीत?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी गावी जाणार आहे. रुक्मिणी नगरात केशरबाईंपासून सुरुवात करून एकेका घरी जाऊन सांगणार आहे की बेबीताईंनी बरोबर ऐकलं होतं आणि मी खोटं बोललो. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. पण ते तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून आधी हे पत्र. पंधरा दिवस मी थांबतो. तुम्हाला वाटलं की स्वतःच आधी सांगावं, तर सांगा. मी सांगावं असं वाटत नसेल तर तसं कळवा. एवढं एक तुम्ही ठरवायचं.

नव्या मंडळाची पुढची सभा एप्रिलअखेर आहे. मी बाकावर जाऊन बसेन. वही घेऊन बसणार नाही. माझ्या वहीवर आता कुणी भरवसा ठेवावा असं मला वाटत नाही. आपल्या ओळीतली कुलकर्ण्यांची सून आचल म्हणते, आता मोबाइलवर आवाज धरून ठेवता येतो, कुणाच्या वाचण्यावर अवलंबून राहायला नको. ते बरं आहे. पण आवाज धरायलाही कुणीतरी तिथे बसलेलं हवं, आणि केशरबाई तुमच्याशिवाय येणार नाहीत. हे मी तुम्हाला या म्हणून लिहीत नाही. तसं म्हणायचं तोंड मला नाही. जे आहे ते कळवलं.

विमलला तुम्हाला भेटायचं आहे. बडनेऱ्याला गाडी बदलून ती एकटी येईन म्हणते. पण तिला पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून निधीला सोबत पाठवीन. मी येणार नाही. त्यांना कधी पाठवू, तेवढं प्रणालीकडून दोन ओळींत कळवा. नको असेल तर तेही कळवा, ती समजून घेईल.

एवढं सोडून माझ्या पत्राला उत्तर देऊ नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही "जाऊ द्या भाऊ, झालं ते झालं" म्हणाल आणि माझं काम सोपं करून टाकाल. या खेपेला ते करू नका.

नत्थुजींना हे पत्र वाचून दाखवा. त्यांनी शिव्या दिल्या तर त्यांना थांबवू नका.

वाचून पाहिलं. बरोबर आहे. या वेळी काही गाळलेलं नाही.

रविकांत पांढरीपांडे